लसीच्या कार्डापासून पासपोर्टपर्यंत: ओंटॅरियोतल्या नायजेरियन संघटनांची नवागत-सेवा कितपत कामाची?

नायजेरियात मुलाला गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात आणि दुसरी पंधराव्या महिन्यात. कॅनडाच्या ओंटॅरियो प्रांतात पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस धरतच नाहीत. शिवाय नायजेरियात अनेक वर्षं फक्त गोवराची लस मिळत होती, गालगुंड आणि रुबेला त्यात नव्हते. कांजिण्यांची लस तिथल्या सरकारी वेळापत्रकातच नाही, आणि ओंटॅरियोत २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या शाळकरी मुलांना ती सक्तीची आहे. म्हणजे आईच्या लेखी पूर्ण भरलेलं कार्ड शाळेच्या लेखी अर्धंमुर्धं ठरतं. आधी आरोग्य विभागाचं पत्र येतं, त्याकडे दुर्लक्ष केलं तर मुलाला २० शालेय दिवसांपर्यंत घरी बसवता येतं. बिचारी आई गोंधळून पिवळं कार्ड पुढे करते. ते पीतज्वराचं, प्रवासासाठीचं. शाळेला त्याचं काही देणंघेणं नसतं.

कार्डावरच्या तारखा बघून कोणता डोस चालेल, कोणता पुन्हा घ्यावा लागेल हे दोन मिनिटांत सांगणारं माणूस गावात असेल तर ते बहुधा नायजेरियन संघटनेतच भेटतं. संघटनेत नर्सेस भरपूर, आणि त्यांना तिथलं वेळापत्रकही पाठ असतं, इथलंही. संघटनांच्या नवागत-सेवेची सगळी गोम इथेच आहे. कामाची दोन्ही टोकं, लागोसचं आणि टोरोंटोचं, संघटनेच्या माणसांना ठाऊक असतात तिथे ती अव्वल ठरते. एकच टोक ठाऊक असतं तिथे ती बेभरवशाची, कधी कधी धोक्याचीही.

हे परीक्षण कुठल्या एका संघटनेचं नाही. ओंटॅरियोतल्या शहरांत अशा संघटना बऱ्याच आहेत, आणि कामाची पद्धत साधारण सारखीच: वार्षिक वर्गणी, व्हॉट्सॲप गट, महिन्याची बैठक, नवीन कुटुंबांसाठी स्वयंसेवकांची समिती. यांची गरज का पडते? केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट संस्था, म्हणजे नवागतांचं बस्तान बसवून देणाऱ्या संस्था, प्रामुख्याने कायम रहिवासी आणि संरक्षण मिळालेले निर्वासित यांच्यासाठी असतात. शिकायला आलेली बाई, तिच्यासोबत वर्क परमिटवर आलेला नवरा आणि दोन मुलं, असं कुटुंब सहसा त्या दारातूनच परत पाठवलं जातं. योरुबा भाषेत ‘जापा’ म्हणजे पळ काढणं, आणि देश सोडण्याला नायजेरियातली तरुण मंडळी आता हाच शब्द वापरतात. जापा करून आलेल्यांत अशी कुटुंबं पुष्कळ असतात.

आता एकेक काम घेऊ. पहिलं आणि सगळ्यात पैशाचं, बालभत्ता. कॅनडा चाइल्ड बेनिफिट फक्त पीआरवाल्यांना, म्हणजे कायम रहिवाशांना, मिळतो असा समज इतका पक्का आहे की परमिटवरची कुटुंबं अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात कॅनडात सलग १८ महिने राहून झाले आणि एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असलं, की तात्पुरत्या रहिवाशालाही तो मिळतो. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी कमाल रक्कम सहा वर्षांखालच्या मुलामागे ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर आहे. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न ३७,४८७ डॉलरच्या आत असेल तर पूर्ण, वर गेलं की कमी होत जाते.

फॉर्म दोन: आरसी ६६ आणि त्याची पुरवणी आरसी ६६ एससीएच. अर्ज अडकतो तो पुरवणीत. कॅनडात येण्यापूर्वीच्या वर्षांचं उत्पन्न तिथे कॅनेडियन डॉलरमध्ये मागितलेलं असतं, आणि लोक ‘इथे कमाई नव्हती’ म्हणून रकाना रिकामा सोडतात. नायजेरियातला पगार असेल तर तो लिहायचाच, काहीच नसेल तर शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे परत आलेला अर्ज. दुसरा खड्डा नवरा-बायको दोन देशांत असण्याचा. बायको-मुलं ब्रॅम्प्टनला, नवरा अजून अबुजात नोकरीला, हे चित्र नेहमीचं. कर खात्याच्या लेखी ती बाई विवाहितच असते, आणि नवऱ्याचं उत्पन्न सीटीबी ९ या वेगळ्या फॉर्मवर द्यावं लागतं. या फॉर्मचं नाव संघटनेच्या स्वयंसेवकाच्या तोंडी असेल तर तो माणूस कामाचा, असं बेलाशक समजा. उशीर होऊन मागची रक्कम मागायची असेल आणि अकरा महिन्यांहून जास्त काळ उलटला असेल, तर वास्तव्याचे आणि परमिटचे पुरावेही जोडावे लागतात. भत्ता सुरू झाल्यावर विसरायचं नाही ते करविवरण: दोघांनीही ३० एप्रिलपर्यंत भरायचं, कमाई शून्य असली तरी. नाहीतर जुलैपासून पैसे बंद. मार्च-एप्रिलमध्ये मोफत करविवरण शिबिर भरवणारी संघटना असेल तर त्या एका शिबिरातच वर्षाची वर्गणी वसूल होते. अर्ज करण्याआधी सिन, म्हणजे नोकरीला आणि करभरणीला लागणाऱ्या सरकारी क्रमांकाची, मुदतही तपासून घ्यावी. तात्पुरत्या रहिवाशाचा हा नऊ अंकी क्रमांक ९ने सुरू होतो आणि परमिटसोबतच संपतो. परमिट वाढलं तरी सिन आपोआप वाढत नाही, सर्व्हिस कॅनडाकडून करून घ्यावा लागतो.

दुसरं काम नावांचं. वाचायला किरकोळ वाटतं, पण निम्मी डोकेदुखी इथेच आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर बाईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसऱ्याच क्रमाने लिहिलेलं. नायजेरियात नाव बदललं की शपथपत्र करून वर्तमानपत्रात जाहिरात देण्याची पद्धत आहे, आणि त्या जाहिरातीचं कात्रण घरी कुठल्या तरी पेटीत पडून असतं. ते इथे मागवून घ्या, हे सांगणारा माणूस लागतो. मुलांसाठी नॅशनल पॉप्युलेशन कमिशनचा जन्मदाखला लागतो. इस्पितळाची चिठ्ठी शाळेत एखाद वेळेस चालून जाईल, पासपोर्टच्या आणि इमिग्रेशनच्या कामाला तिच्यावर विसंबू नये. परदेशी पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर गुणपत्रकं विद्यापीठानेच थेट पाठवावी लागतात. इथून इमेल करून ती हलत नाहीत. विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन पाठपुरावा करणारं माणूस तिकडे असावं लागतं. चांगल्या संघटनेकडे इबादान, न्सुका, झारिया अशा विद्यापीठांचे माजी विद्यार्थी असतात आणि कोणत्या खिडकीवर काय मागायचं हे ते सांगतात.

नायजेरियाचा पहिला पासपोर्ट काढायला बोटांचे ठसे आणि फोटो प्रत्यक्ष द्यावे लागतात; प्रौढांना नूतनीकरण आता मोबाइल ॲपवरूनही करता येतं. उच्चायुक्तालय ओटावात. विंडसर किंवा थंडर बेच्या कुटुंबाने चार पोरं घेऊन तिथवर जायचं म्हणजे सुट्टी आणि खिसा दोन्ही रिकामं. म्हणून संघटना पुढाकार घेऊन अधिकाऱ्यांना आपल्या शहरात बोलावतात आणि दोन-तीन दिवसांचं शिबिर लावतात. कल्पना उत्तम, पण रांगेतली शिस्त संघटनेगणिक बदलते. शिबिराच्या दिवशी अर्ज फसतो तो बहुतेक वेळा एनआयएनमुळे. हा अकरा अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक मुलांनाही लागतो, आणि त्याच्या नोंदीतलं नाव व जन्मतारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळावी लागते. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही काम थांबतं. ही दुरुस्ती शिबिरात होत नाही. तिला वेगळे पैसे आणि वेगळा वेळ लागतो. म्हणून शिबिराच्या दीड-दोन महिने आधी सगळ्यांचे एनआयएन तपासून घेणारी संघटना आणि फक्त तारखेचं पोस्टर फिरवणारी संघटना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅनडात जन्मलेल्या बाळासाठी जाताना आईवडिलांची नावं असलेलाच जन्मदाखला न्यावा. ओंटॅरियोच्या छोट्या दाखल्यावर ती नसतात.

शाळाप्रवेशात संघटनेची मदत ठीकठाक. मुलाला वयाप्रमाणे, म्हणजे जन्मवर्षाप्रमाणे, इयत्तेत घालतात. नायजेरियात हुशार पोराला एक-दोन इयत्ता पुढे सरकवलेलं असतं, मग ‘आमच्या मुलाला मागे टाकलं’ ही तक्रार ठरलेली. ती घेऊन शाळेत भांडायला जाण्यात अर्थ नाही, आणि हे स्पष्ट सांगणारा स्वयंसेवक प्रामाणिक समजावा. उलट, शिक्षण इंग्रजीत झालेलं असूनही केवळ उच्चारावरून मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात ढकललं, तर तिथे मात्र जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तक घेऊन बोलायला जावं, आणि सोबत संघटनेचं कोणी असलं तर उत्तमच. परमिट संपलंय म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. भीतीपोटी मुलं घरी बसवली जातात.

आता जरा नाजूक विषय. मुलाला शिस्त लावायला एक रट्टा, यात नायजेरियातल्या बऱ्याच घरांत कुणाला वावगं वाटत नाही. इथे शिक्षिकेला मुलाच्या दंडावर वळ दिसला की चिल्ड्रन्स एड सोसायटीला, म्हणजे बालसंरक्षण संस्थेला, कळवणं तिला कायद्याने बंधनकारक आहे. तिला त्यात निवड नाही, आणि ते काम दुसऱ्यावर ढकलताही येत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली फौजदारी संहितेच्या कलम ४३ चा, म्हणजे पालकांना शिस्तीपुरतं वाजवी बळ वापरू देणाऱ्या कलमाचा, अर्थ लावताना रेषा आखून दिल्या: दोन वर्षांखालच्या मुलावर आणि किशोरवयीन मुलावर हात उगारायचा नाही, पट्टा-छडी-लाटणं अशी कोणतीही वस्तू वापरायची नाही, डोक्यावर किंवा तोंडावर मारायचं नाही. पालकांसाठीच्या सत्रात हे चार मुद्दे स्वच्छ सांगतात का, की ‘इथले लोक आपली मुलं काढून नेतात’ अशी भीती घालून मोकळे होतात, यावरून संघटनेची लायकी कळते. दुसरा प्रकार मी वाईट समजतो, कारण भ्यालेले पालक मग शाळेपासून आणि डॉक्टरांपासूनही लपायला लागतात. सत्र चांगलं असेल तर सोसायटीच्या माणसाचा फोन आल्यावर काय करायचं हेही शिकवतात: आवाज चढवायचा नाही, येणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची, कागदावर सही करण्यापूर्वी वकील मागायचा. मुलांना घरी एकटं ठेवण्याबद्दलही बोलायला हवं. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या देखरेखीची वाजवी सोय न करता त्याला सोडून जाणं ओंटॅरियोत कायद्याला मान्य नाही. रात्रपाळी करणाऱ्या जोडप्यांसाठी हा रोजचा प्रश्न आहे, आणि पाळणाघराच्या वेळा त्यांच्या वेळांशी कधीच जुळत नाहीत.

कपडे आणि वस्तूंची खोली. थंडीचे कोट, बूट, बर्फात खेळायच्या पँटी, हातमोजे हे सगळं चांगलं मिळतं, बहुतेकदा चर्चच्या मदतीने. लहान मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा वेगळा असलेले घ्यावेत, आणि दोन जोड, कारण एक शाळेत ओला होतोच. धोका आहे तो बाळाच्या सामानात. गाडीतली बालखुर्ची दान म्हणून आली की आधी दोन गोष्टी बघायच्या: मेपलच्या पानाचा राष्ट्रीय सुरक्षा शिक्का आणि प्लास्टिकवर छापलेली मुदत. शिक्का नसेल तर ती खुर्ची इथे बेकायदा, मग लागोसहून आणलेली असो की अमेरिकेतून. मुदत उलटली असेल किंवा गाडीला अपघात झालेला असेल तर फेकून द्यायची. मूल नऊ किलोचं होईपर्यंत तोंड मागच्या दिशेला, मग अठरा किलोपर्यंत पुढच्या दिशेला पट्ट्यांची खुर्ची, त्यानंतर बूस्टर आठ वर्षं, ३६ किलो किंवा १४५ सेंटिमीटर यांतलं काहीतरी पूर्ण होईपर्यंत. फुगीर कोट घातलेल्या मुलाला तसंच पट्ट्यांत बांधू नये. धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. बाळाचा वॉकर तर कॅनडात २००४पासून विकायला, आयात करायलाच काय, फुकट द्यायलाही बंदी आहे. संघटनेच्या खोलीत वॉकर किंवा एका बाजूची जाळी खाली सरकणारा पाळणा दिसला, तर तिथली तपासणी कोणी करत नाही हे उघड आहे.

घराच्या बाबतीत सल्ला बरा, पण पुरेसा कडक नाही. लागोसमध्ये वर्षाचं भाडं आगाऊ देण्याची सवय असते, त्यामुळे घरमालकाने सहा महिने मागितले तरी नवीन माणसाला खटकत नाही. ओंटॅरियोत मालकाला पहिल्या महिन्याच्या भाड्याशिवाय एका महिन्याचीच अनामत मागता येते. ती शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळती करायची असते आणि तिच्यावर दरवर्षी व्याजही द्यायचं असतं. मोडतोडीसाठी वेगळी अनामत घेता येत नाही. पण इथे पत-इतिहास नसलेल्याला घर मिळणंच कठीण, म्हणून संघटनेतले जुने लोकच ‘देऊन टाक, वाद नको’ म्हणतात. व्यवहार म्हणून समजण्यासारखं आहे. निदान पावती आणि प्रमाणित भाडेकरार घ्या, आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका, एवढं तरी ठासून सांगायला हवं.

वाहन परवान्याचं मार्गदर्शन मात्र एकदम अचूक असतं. नायजेरियाचा परवाना बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा द्यावीच लागते. बारा महिन्यांपर्यंतचा अनुभव स्वतः सांगितला तरी चालतो, त्याहून जास्त दाखवायचा असेल तर नायजेरियाच्या फेडरल रोड सेफ्टी कोअरचं, म्हणजे एफआरएससीचं, अधिकृत पत्र लागतं. दोन वर्षांहून जास्त अनुभव असा सिद्ध झाला तर थेट जी, म्हणजे पूर्ण परवान्याच्या, परीक्षेला बसता येतं, पण संधी एकच. नापास झालात की जी-टूपासून, म्हणजे मधल्या टप्प्यापासून, सुरुवात. नायजेरिया सोडण्यापूर्वीच हे पत्र मागवा, इथून मागवायला फार वेळ जातो.

बाळंतपणाला आजी बोलावण्याची नायजेरियातल्या इग्बो समाजाची रीत म्हणजे ओमुग्वो. मुलीची आई येते, तिखट सूप करून घालते, बाळ-बाळंतिणीचं सगळं बघते. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यासाठी संघटनेतले लोक सरसकट ‘सुपर व्हिसा घ्या’ म्हणतात, आणि इथे ते चुकतात. सुपर व्हिसाने एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं हे खरं, पण बोलावणारं मूल किंवा नातवंड कॅनडाचं नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं, उत्पन्नाची अट असते, वैद्यकीय तपासणी असते आणि किमान १,००,००० डॉलरचा, किमान एका वर्षाचा आरोग्य विमा लागतो. मुलगी विद्यार्थिनी असेल तर आईसाठी साधा व्हिजिटर व्हिसाच. आणि आजीच्या बॅगेत किलिशी, म्हणजे वाळवलेलं मसालेदार मांस, असेल तर ते सीमेवर जप्त होतं. न सांगता आणलं तर दंडही. ओगिरी (आंबवलेल्या बियांचा मसाला), एगुसी (कलिंगडासारख्या फळाच्या बिया) जाहीर करून आणलं तर सहसा अडचण येत नाही.

अजो किंवा एसुसू म्हणजे आपली भिशीच. उत्तरेतले हाउसा लोक तिला अदाशे म्हणतात. समजा दहा जणांनी महिन्याला ३०० डॉलर टाकले तर दर महिन्याला एकाच्या हातात ३,००० पडतात: घराची अनामत, जुनी गाडी, परमिटची फी सुटते. जून २०२३मध्ये नायराचा, म्हणजे नायजेरियाच्या चलनाचा, दर मोकळा सोडल्यापासून तिची गरज आणखी वाढली. त्याआधी अमेरिकी डॉलरला ४७०च्या आसपास असलेला नायरा फेब्रुवारी २०२४पर्यंत १,५००च्या पलीकडे गेला, आणि वडिलांनी मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत तिसऱ्या हिश्श्याइतकेही डॉलर येईनात. अजो मोडते ती एकाच कारणाने: सुरुवातीचा हात, म्हणजे पाळीची रक्कम, उचललेला सभासद दुसऱ्या प्रांतात नोकरी धरून निघून जातो. म्हणून नवख्याला शेवटचे हात देतात. त्याला ते अन्यायाचं वाटतं, पण नियम शहाणपणाचा आहे. नावं, तारखा आणि क्रम कागदावर नसतील तर त्यात पडू नये. भिशीने बँकेतली पत वाढत नाही, त्यासाठी अनामत ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

सगळ्यात कच्चा दुवा इमिग्रेशनचा सल्ला. व्हॉट्सॲप गटात दोन वर्षांपूर्वीचा संदेश आजचा नियम म्हणून फिरत असतो. नायजेरिया स्टुडंट एक्सप्रेस ही स्टडी परमिटची जलद सोय ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाली. विद्यार्थ्याच्या जोडीदाराचं खुलं वर्क परमिट २१ जानेवारी २०२५पासून मुख्यतः सोळा महिने किंवा अधिक मुदतीच्या मास्टर्स, पीएचडी आणि ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं राहिलं. एकट्या विद्यार्थ्याने दाखवायची शिल्लक १ सप्टेंबर २०२५पासून २२,८९५ डॉलर झाली. जुन्या आकड्यावर विसंबून एखाद्याने बायकोच्या परमिटच्या भरवशावर फी भरली तर संघटना काही ती परत देत नाही. त्यातही पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे ‘अनुभवी अंकल’ भेटतात. मोबदला घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना, काही मर्यादेत परवानाधारक पॅरालीगलना आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’कडे, म्हणजे नियामक संस्थेकडे, नोंद असलेल्यांनाच आहे. बाकीच्यांसाठी तो गुन्हा आहे, आणि अर्जात चूक झाली तर निस्तरायचं अर्जदाराने.

उरलेल्या तक्रारी कुठल्याही मंडळाच्या असतात तशाच. १ ऑक्टोबर जवळ आला की स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाची तिकिटं, ‘असो एबी’चं (समारंभात सगळ्यांनी घालायचं एकसारखं) कापड आणि जोलोफ भात कोण करणार यात समिती बुडते, मदतीचा फोन वाजत राहतो. निवडणुकीवरून फूट पडते. दुःखाच्या प्रसंगी, पार्थिव मायदेशी पाठवायला पैसे उभे करायचे असतील, तेव्हा मोठ्या संघटनेपेक्षा योरुबा, इग्बो, एडो अशा लहान गटांत वर्गणी जास्त वेगाने जमते. देणगीची करपावती हवी असेल तर संघटना नोंदणीकृत चॅरिटी आहे का हे कर खात्याच्या यादीत बघावं. नुसत्या ना-नफा संस्थेला ती देता येत नाही.

सभासद होण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाला नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथे चालेल का? नवरा नायजेरियात असताना बालभत्त्यासाठी कोणता जादा फॉर्म? आणि दोनशे डॉलर दिले तर माझा परमिटचा अर्ज भरून द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांना लगेच उत्तर आलं आणि तिसऱ्याला ठाम नकार मिळाला, तर वर्गणी भरून टाका.